वावळाच्या मोसमाची वही

सोसायटीच्या फाटकालगतच्या सप्तपर्णीची छाटणी करावी, अशा मागणीच्या अर्जावर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मी सही केली होती. कोथरूडला राहणाऱ्या कोणालाही ते दिवस ओळखीचे आहेत. पाऊस ओसरतो, दिवाळी येऊन ठेपते आणि संध्याकाळी सातनंतर सप्तपर्णीचा तो दाट, डोक्यात चढणारा वास जिन्यापर्यंत येतो. त्याच दिवसांत माझे नाक चोंदत असे आणि डोके जड होत असे. समोरच्या घरातल्या काकूंना तर त्या वासाने गुदमरल्यासारखे व्हायचे. झाडाची आणि त्रासाची सांगड इतकी उघड दिसत होती की पुरावा मागावा असे कोणालाच सुचले नाही. रीतसर परवानगी आली आणि एका सकाळी झाडाचा डोलारा उतरवून खोडावर चार ठोकळे तेवढे ठेवण्यात आले. त्यानंतरच्या फेब्रुवारीत मला दरवर्षीपेक्षा जास्त शिंका आल्या.

फेब्रुवारीत सप्तपर्णीला एकही फूल नसते. ही साधी गोष्ट मला त्या वेळी खटकायला हवी होती, पण खटकली नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. फेब्रुवारी म्हणजे दहावीच्या सरावाचे दिवस. सकाळी पहिल्या तासाला फळ्याकडे वळले की टाळूला आतून खाज सुटायची, मग कानात, आणि लगेच वीस-पंचवीस शिंकांची माळ लागायची. डोळे इतके चुरचुरायचे की वह्या तपासताना दर पानाला थांबावे लागे. ही सर्दी नव्हे, हे मला कळत होते. ताप नव्हता, नाकातून येणारे पाणी स्वच्छ होते आणि त्रास सात दिवसांत न जाता दीड-दोन महिने टिकत असे. तरीही उपाय मात्र मी सर्दीचेच करत होते. औषधाच्या दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब मी सलग सात आठवडे वापरले. पहिले दोन-तीन दिवस ते जादूसारखे काम करतात. नंतर त्यांचा परिणाम उतरला की नाकातली सूज आधीपेक्षा वाढते, माणूस पुन्हा थेंब टाकतो आणि त्या फेऱ्यात अडकतो. असे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरायचे नसतात, हे देणाऱ्याने सांगितले नाही आणि घेणारीने विचारले नाही. ते सुटायला मला पुढे तीन आठवडे तोंडाने श्वास घेत झोपावे लागले.

जूनमध्ये मी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “त्रास नेमका कोणत्या तारखेला सुरू होतो आणि कोणत्या तारखेला थांबतो?” मला सांगता आले नाही. मी म्हणाले, “थंडीत, आणि दिवाळीत.” ते म्हणाले, “बाई, तुम्ही शाळेत हजेरी घेता ना? मग नाकाचीही घ्या.” त्या दिवशी घरी येऊन मी लांबट हजेरी वही उघडली आणि तिच्यात रकाने आखले: नाक, डोळे, छाती, झोप, घेतलेले औषध, दिवसभरात कुठे गेले ती ठिकाणे. त्रासाला शून्य ते तीन असे गुण द्यायचे आणि ते रोज रात्री नऊ वाजताच द्यायचे, कारण दुसऱ्या दिवशी आठवून दिलेले गुण आपल्या मनातल्या समजुतीकडे झुकतात, हे मला पहिल्या पंधरवड्यातच कळले.

नाकाची हजेरी लागू लागली, पण समोर झाडांची हजेरी नव्हती. पुण्याच्या हवेतल्या धुळीचे आकडे ‘सफर’ या हवेची गुणवत्ता सांगणाऱ्या सरकारी सेवेवर रोज मिळत, मी ते महिनाभर उतरवून घेतले आणि माझ्या गुणांशी ते जुळेनात. कारण पुढे लक्षात आले. ते आकडे दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक कणांचे असतात आणि झाडांचे बहुतेक परागकण वीस ते साठ मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे त्या मोजणीत येतच नाहीत. तेव्हा आपल्या गच्चीवर काय पडते ते आपणच पाहावे, असे मी आणि आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी ठरवले. शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक मुख्याध्यापकांनी शाळा सुटल्यावर वापरू दिला.

यात नवे काही नाही. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा त्रास होता आणि त्यांनी चिकट द्रव लावलेल्या काचा हवेत ठेवून, अगदी पतंगाला बांधून उंचावर पाठवूनही परागकण मोजले होते. त्यांचे पुस्तक १८७३ मध्ये आले. आमची रीत त्यांच्यापेक्षा फारशी पुढची नव्हती. स्टीलच्या डब्यांची दोन मोठी झाकणे वर आणि खाली, मध्ये चार बोटांचे अंतर, वरचे झाकण पावसापुरते आणि पक्ष्यांपुरते. मधल्या जागेत पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर दिलेली काचपट्टी. थर जाड झाला तर कण त्यात बुडतात आणि कडा दिसत नाहीत, म्हणून बोटाने लावून पुन्हा दुसऱ्या कोरड्या बोटाने पुसून घ्यायचा. सकाळी आठला पट्टी ठेवायची, दुसऱ्या दिवशी आठला उचलायची, डब्यात बंद करायची आणि पाठीमागे तारीख चिकटवायची. शाळेत गेल्यावर तिच्यावर बेसिक फ्युक्सिन नावाचा रंग मिसळलेल्या ग्लिसरीनचा थेंब सोडून वर कव्हरस्लिप ठेवली की काही मिनिटांत परागकण गुलाबी होतात आणि धूळ, वाळूचे कण, कापसाचे तंतू जसेच्या तसे राहतात. तो गुलाबी रंग चढताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा इतक्या वर्षांनी शत्रूचा चेहरा दिसला असे वाटले होते. आता तसे वाटत नाही.

गुलाबी ठिपका कोणत्या झाडाचा, हे ओळखायला आधी आमच्याच परिसरातल्या झाडांचे नमुने हवे होते. म्हणून सहा महिने रविवारी सकाळी आम्ही दोघी हनुमान टेकडी, वेताळ टेकडीचा पायथा आणि शाळेमागचा नाला या भागात फिरलो. दिसेल त्या फुललेल्या झाडाचे एक फूल पाकिटात घालायचे, घरी ते काचेवर झटकायचे आणि दिसेल ते वहीत काढायचे. सुरूचा कण तीन छिद्रांचा. गवताचा गुळगुळीत गोल, एकच छिद्र आणि त्याभोवती कडे. गाजरगवताचा लहानसा चेंडू, सगळीकडून काटेरी. ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाहून मात्र आम्ही दोघीही बराच वेळ बोललो नाही: एकेक सुटा कण नाहीच, सोळा कण एकमेकांना घट्ट चिकटून बसवलेल्या फरशीसारखे, आणि सगळी फरशी एकत्रच उडते. मराठीच्या तासाला मी आयुष्यभर ‘पराग’ हा शब्द शिकवत आले होते, पण त्या शब्दामागे एवढी घडण आहे हे मला ठाऊक नव्हते.

डिसेंबर २०२२ पासून मी रोजची पट्टी ठेवू लागले. पहिले तीन आठवडे दिवसाला चार-पाच कण, तेही मिश्र. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक नवा कण दिसू लागला: गोलसर, मध्यम आकाराचा, कडेवर चार-पाच छिद्रे, पृष्ठभाग सुरकुतल्यासारखा. आमच्या नमुन्यांत तो नव्हता. जानेवारीअखेर त्याची संख्या रोज पंधरा-वीस झाली, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साठीच्या पुढे गेली. आणि हजेरी वहीतल्या नाकाच्या रकान्यात एकाऐवजी तीनचे आकडे ओळीने बसले. दोन वह्या शेजारी ठेवून मी बोटाने तारखा जुळवल्या. आकडा चढल्यापासून एक-दोन दिवसांत त्रास चढत होता आणि आकडा उतरला की उतरत होता.

तो कण कोणाचा, हे शोधायला आठ दिवस लागले, कारण आम्ही फुललेली झाडे शोधत होतो आणि हे झाड फुलले आहे असे दिसतच नव्हते. नाल्याकाठी एक उंच, राखाडी सालीचे झाड पूर्ण निष्पर्ण उभे होते. त्याला मी वाळलेलेच समजत होते. सहकारी बाईंनी खाली पडलेली एक काटकी उचलली. पर्णहीन डहाळीवर तांबूस-हिरवट, मुगाएवढे झुबके होते. पाकळी नाही, वास नाही, रंग म्हणावा असा रंग नाही, नुसते परागकोश. त्यांनी ती काटकी वहीच्या काळ्या पुठ्ठ्यावर टिचकी मारून झटकली आणि पुठ्ठ्यावर फिकट पिवळ्या पिठाचा पट्टा उमटला. मी दोन पावले मागे सरले, तरी शिंक आलीच. तो वावळ होता. पान चुरगाळले तर ज्याचा उग्र वास येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी ज्याच्या रुपयाएवढ्या, कागदी पंखांच्या बिया रस्त्याकडेला ढिगाने साठतात, तोच हा. लहानपणी त्या बियांचे पापुद्रे सोलून आम्ही आतला गर खात असू. म्हणजे झाडाची ओळख होती ती त्याच्या बियांची. त्याचे फूल मी पन्नास वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

इथेच माझी जुनी समजूत मुळापासून हलली. जी फुले आपल्या नजरेत भरतात, गुलमोहर, पळस, नीलमोहर, पांगारा, ती कीटकांना किंवा पक्ष्यांना बोलावण्यासाठी तशी असतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, हवेत ते फार कमी येतात. वाऱ्यावर विसंबणाऱ्या झाडाला कोणालाच बोलवायचे नसते, म्हणून रंगावर आणि गंधावर खर्च न करता ते हलक्या, कोरड्या परागांची नुसती उधळण करते. वावळ तर पाने गळून गेल्यावर फुलतो, म्हणजे वाऱ्याला आडवे यायला पानही राहत नाही. ज्या झाडाकडे आपण बोट दाखवतो ते बहुधा निर्दोष असते, आणि ज्याचे पराग नाकात जातात ते फुलल्याचे आपल्याला कळतही नाही. मार्च-एप्रिलमध्ये काटेसावरीचा कापूस उडू लागला की लोक तोंडावर रुमाल धरतात, पण तो कापूस म्हणजे पराग नव्हे, बियांभोवतीचे तंतू असतात.

ॲलर्जीची त्वचाचाचणी आम्ही मोसम संपल्यावर, एप्रिल २०२३ मध्ये केली, कारण त्यापूर्वी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि फेब्रुवारीत ते मला जमले नसते. हाताच्या आतल्या बाजूवर पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेका द्रवाचा थेंब ठेवला आणि थेंबातून त्वचेला बारीक टोच दिली. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर स्वतःच सोडते त्या द्रव्याचा, तिथे गांधी उठलीच पाहिजे. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथे उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटे हात न खाजवता बसायचे, ही त्यातली एकमेव कठीण गोष्ट. वावळाच्या थेंबाजवळ ठसठशीत गांधी आली. त्याहून मोठी आली ती घरातल्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट नावाच्या जीवांच्या थेंबाजवळ. एरंडाजवळही लहानशी उठली, तेव्हा मी लगेच नाल्याकाठच्या एरंडाचे नाव घेतले. डॉक्टरांनी मला थांबवले. त्वचेवर गांधी उठणे म्हणजे शरीराने ओळख ठेवली आहे एवढेच. त्या ओळखीचा त्रास होतो की नाही, हे वहीनेच सांगायचे. वहीत एरंडाशी जुळणारा एकही पंधरवडा नव्हता, म्हणून त्याला आम्ही यादीतून काढले.

माइटने मात्र दिवाळीचे कोडे सोडवले. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पट्ट्या पुढच्या वर्षी मी मुद्दाम लक्ष देऊन पाहिल्या. छाटलेली सप्तपर्णी पुन्हा फुटून फुललेली होती, गच्चीपासून तिचा शेंडा तीस फुटांवरही नव्हता, संध्याकाळी वास तसाच येत होता. आणि पट्टीवर सप्तपर्णीचे पराग जवळजवळ नव्हतेच. गवताचे होते, गाजरगवताचे होते, ओल संपता संपता सुटणाऱ्या बुरशीचे गडद, मुद्गलासारखे बीजाणू पुष्कळ होते. तरीही माझ्या वहीतले सर्वांत वाईट दिवस पट्टीशी जुळत नव्हते. ते जुळत होते दोन रविवारांशी, आणि त्या दोन्ही रविवारी आम्ही दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरच्या गाद्या, गोधड्या आणि जुनी बोचकी खाली काढली होती. पावसाळ्याच्या दमट हवेत वाढलेले माइट आणि वर्षभराची धूळ मी दर दिवाळीला स्वतःच्या हाताने नाकात घेत होते, आणि संध्याकाळी खिडकीतून येणाऱ्या वासाला बोल लावत होते.

काकूंचा त्रास खोटा होता असे मी म्हणत नाही. तीव्र वासाने संवेदनशील नाकाची चुरचुर होते, डोके दुखते, दमा असलेल्याला घुसमटल्यासारखे होऊ शकते; ती ॲलर्जी नसली तरी त्रास खराच असतो, आणि संध्याकाळी वासाच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून घेतल्याने त्यांना बराच उतार पडला. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये ती सप्तपर्णी बुंध्यापासूनच काढावी असा विषय सोसायटीच्या सभेत आला, तेव्हा मी दोन्ही वह्या घेऊन गेले. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडे जतन करण्याच्या कायद्याखाली शहरातले झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. प्रश्न परवानगी मागावी की नाही, हा होता. मी माझ्या २०२१ च्या सहीचा उल्लेख केला आणि ती चूक होती असे सांगितले. मग कोणीतरी साहजिकच विचारले की तर मग नाल्याकाठचा वावळ काढायचा का. वावळाचे पराग कित्येक किलोमीटर जातात, या शहरात वावळ ठिकठिकाणी आहे आणि एक झाड काढून माझ्या पट्टीवरचा आकडा फार तर थोडा हलेल. त्या झाडावर मात्र उन्हाळ्यात घारींचे घरटे असते. सभेत दोन्ही झाडे राहिली.

आता त्रास आटोक्यात ठेवण्याचे माझे जे काही आहे ते तारखांवर चालते. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा शिंका सुरू झाल्यावर घेतला तर त्याचा पुरा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात आणि तोवर मोसम ऐन भरात येतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मी तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, वावळाची पाने गळू लागली की सुरू करते. फवारा मारण्याची रीतही मला नव्याने शिकावी लागली: उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला राहते आणि रक्त येत नाही. नंतर जोरात ओढायचे नाही, नाहीतर औषध सरळ घशात उतरते. गोळी लागली तर फारशी झोप न आणणारीच घेते. फेक्सोफेनाडिन असेल तर ती साध्या पाण्याबरोबर, कारण फळांच्या रसाबरोबर तिचे शोषण घटते. रात्री मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुते. आमच्या घरी आजोबा जलनेती करत, तेव्हा नळाचे पाणी चालत असे. मी मात्र उकळून निवलेलेच पाणी घेते, कारण न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्याच्या, विरळ पण प्राणघातक घटना घडलेल्या आहेत.

बाकीच्या गोष्टी घरगुती आहेत, पण फरक त्यांनीही पडला. एका आठवड्यात मी काचपट्टी दर सहा तासांनी बदलून पाहिली, तेव्हा सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सर्वांत जास्त वावळ मिळाला. हवा कोरडी होते तसे परागकोश उकलतात, हे त्यामागचे कारण असावे. त्यानुसार फेब्रुवारीत माझे फिरणे पहाटेचे झाले, कपडे गच्चीऐवजी आत वाळू लागले, आणि शाळेतून आल्यावर आधी केस धुणे आले, कारण केसांतला पराग उशीवर उतरतो आणि रात्रभर नाकाशी राहतो. करोनाच्या काळातल्या मुखपट्ट्या कपाटातून पुन्हा बाहेर आल्या. माइटसाठी उशा आणि गादी यांना घट्ट विणीची अभ्रे, आठवड्याला कढत पाण्यात चादरी, आणि माळ्याची सफाई दुसऱ्याने करायची. त्या दिवशी मी बहिणीकडे जाते. ज्याची ॲलर्जी त्याचीच वाढती मात्रा देऊन शरीराला सवय लावणाऱ्या, तीन ते पाच वर्षे चालणाऱ्या इम्युनोथेरपीबद्दल डॉक्टरांनी सविस्तर सांगितले, इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते हेही सांगितले. गुण तीनवरून एकवर आलेले असताना मी ती सध्या सुरू केलेली नाही. छातीत घरघर सुरू झाली तर मात्र वाट पाहायची नाही, असे आमचे ठरलेले आहे.

माझ्या पट्टीची मर्यादा मला ठाऊक आहे. वरून जे पडते तेच तिच्यावर येते, आणि मोठे, जड कण लवकर पडतात म्हणून ते जास्त दिसतात. खरी मोजणी हवा ओढून घेणाऱ्या यंत्राने होते. ब्रिटिश संशोधक हर्स्ट यांनी १९५२ मध्ये बांधलेल्या पद्धतीचे यंत्र मिनिटाला दहा लिटर हवा घेते आणि तासागणिक नोंद देते. चंदीगडसाठी अशा मोजणीवरून परागांची दिनदर्शिका तयार झालेली आहे. पुण्यातल्या शाळेच्या फळ्यावर तापमानाशेजारी ‘आज वावळ: जास्त’ एवढे लिहिता आले, तर माझ्या वर्गातल्या ज्या तीन मुलांना फेब्रुवारीत माझ्यासारखीच शिंकांची माळ लागते, त्यांना तरी परीक्षेच्या तोंडावर औषध वेळेवर सुरू करता येईल. त्या तिघांच्या आयांना मी सध्या जानेवारीतच चिठ्ठी पाठवते.

छाटलेल्या सप्तपर्णीला चारही ठोकळ्यांच्या टोकांवर आलेल्या फुटव्यांच्या आता फांद्या झाल्या आहेत. यंदा १९ ऑक्टोबरला त्यांतल्या एका फांदीवर मोसमातला पहिला गुच्छ उमलला. झाडांच्या वहीत ती तारीख लिहिली आहे, आणि समोरच्या नाकाच्या रकान्यात त्या दिवशी शून्य आहे.